नाव आणि नाद : स्मृतिसंगीताच्या प्रयोगाचे तौलनिक वाचन
(छत्तीसगडच्या संदर्भात)

१. प्रश्नाचे स्वरूप

दिवंगत व्यक्तीच्या स्मरणार्थ समूहाने एकत्र येऊन गाणे ही जवळजवळ सर्व संस्कृतींमध्ये आढळणारी कृती आहे. तिचे रूप मात्र सर्वत्र सारखे नाही. युरोपात तिला समूहगायक, एकल गायक आणि पूर्ण वाद्यवृंद यांच्या मैफलीचे रूप आले. महाराष्ट्रात ती कीर्तनात आणि पुढे पुण्यतिथीच्या संगीत समारोहात रुजली. छत्तीसगडात ती एकीकडे दरबारी परंपरेच्या चक्रधर समारोहात, तर दुसरीकडे सतनामी समाजाच्या पंथी गीतात दिसते. या रूपांचा विचार आजवर प्रामुख्याने संगीताच्या अंगाने झाला. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यांच्याकडे क्वचितच लक्ष दिले. वस्तुतः यांपैकी बहुतेक प्रयोगांच्या मुळाशी एक शब्दसंहिता असते आणि तिचा प्रयोगाशी असलेला संबंध हा तौलनिक साहित्याभ्यासाचाच विषय आहे.

प्रस्तुत लेखात या संबंधाचा एकच धागा हाती घेतला आहे. स्मृतिसंगीताच्या प्रयोगात ज्याचे स्मरण करायचे त्याचे नाव नेमके कोठे असते? ते गायल्या जाणाऱ्या शब्दांत असते, शीर्षकात असते, की केवळ श्रोत्याच्या मनात असते? हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर श्रोत्याने शोकात कसे सहभागी व्हायचे, परकी भाषा आपली कशी मानायची आणि एका समाजाचे दुःख दुसऱ्या समाजाने कसे गायचे, हे प्रश्न अवलंबून आहेत.

या विचारासाठी रायपूर हे ठिकाण सोयीचे आहे. २००० मध्ये छत्तीसगड राज्याची राजधानी झालेले हे शहर हिंदी, छत्तीसगडी, मराठी, ओडिया अशा अनेक भाषांच्या सरहद्दीवर वाढले. नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेपासून येथे मराठी कुटुंबे स्थायिक झाली. 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक १९०० मध्ये काढणारे आणि 'दासबोध' व 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे माधवराव सप्रे १९२६ मध्ये याच शहरात निवर्तले. एका भाषेतील संचित दुसऱ्या भाषेतील समूहापर्यंत कसे पोचते, हा प्रश्न या शहराला नवीन नाही.

२. मंझोनीसाठी व्हेर्दी : एका मैफलीची घडण

पाश्चात्त्य परंपरेतील स्मृतिमैफलीचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणून जुझेप्पे व्हेर्दी याच्या 'रेक्विएम'कडे पाहता येते. साहित्याच्या अभ्यासकाला ते विशेष जवळचे वाटावे, कारण ही रचना एका कादंबरीकारासाठी झाली. आलेस्सांद्रो मंझोनी २२ मे १८७३ रोजी मिलानमध्ये निवर्तला. बरोबर एक वर्षाने, २२ मे १८७४ रोजी, त्याच शहरातील सान मार्को चर्चमध्ये स्वतः व्हेर्दीच्या संचालनाखाली या रचनेचा पहिला प्रयोग झाला. सुमारे १२० समूहगायक व शंभराहून अधिक वादक त्यात होते. चर्चमध्ये स्त्रियांनी गाण्यास त्या काळी आडकाठी असल्याने त्यासाठी खास परवानगी घ्यावी लागली.

'रेक्विएम' या शब्दाचा अर्थ विश्रांती. मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनेचा हा आरंभीचा शब्द पुढे त्या संपूर्ण विधीचे आणि त्यावरील संगीतरचनेचे नाव झाला. व्हेर्दीच्या रचनेचे सात भाग आहेत आणि प्रयोगाला साधारण दीड तास लागतो. मंचावर समोर वाद्यवृंद, त्यामागे चढत्या पायऱ्यांवर समूहगायक आणि संचालकाजवळ चार एकल गायक अशी रचना असते. समूहगायक स्वरांच्या पट्टीनुसार चार गटांत उभे असतात : दोन स्त्रीस्वरांचे, दोन पुरुषस्वरांचे. एकच ओळ एका गटाने सुरू करावी, दुसऱ्याने ती थोड्या अंतराने उचलावी, तोवर पहिल्याने पुढची घ्यावी, अशी या गायनाची मुख्य युक्ती आहे. हिंदुस्थानी संगीताची सवय असलेल्या श्रोत्याला प्रथम यात गोंधळ वाटण्याचा संभव असतो. त्याचा कान एका स्वररेषेच्या मागे जायला शिकलेला असतो. येथे एकाच वेळी अनेक रेषा चाललेल्या असतात आणि त्यांच्या एकत्र येण्यातून अर्थ निर्माण होतो. अशा वेळी एका गटाचा स्वर धरून ठेवावा आणि बाकीचे त्याभोवती कसे येतात-जातात ते ऐकावे, म्हणजे गुंता उकलू लागतो.

'डिएस इरे', म्हणजे कोपाचा दिवस, हा या रचनेचा सर्वांत दीर्घ भाग. त्याच्या आरंभी संपूर्ण वाद्यवृंद व समूहगायक एकदम कोसळल्यासारखे येतात आणि मोठ्या पडघमाचे आघात ऐकू येतात. पुढे अंतिम न्यायाची हाक सांगणाऱ्या जागी काही तुताऱ्या मंचावरून आणि काही मंचाबाहेरून वाजतात. तो नाद केवळ ध्वनिमुद्रणावर ऐकणाऱ्याला ही योजना पूर्णपणे कळत नाही. प्रत्यक्ष प्रयोगात हाक पाठीमागून किंवा बाजूने येते आणि श्रोता त्या न्यायसभेच्या मध्यभागी सापडतो. भारतात व्यावसायिक स्वरूपाचा सिंफनी वाद्यवृंद २००६ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय संगीत व नाट्यकेंद्रात उभा राहिला. रायपूरसारख्या शहरातील श्रोत्याचा या संगीताशी परिचय मुख्यतः ध्वनिमुद्रणातून होतो, त्यामुळे हा भेद लक्षात घेणे आवश्यक आहे.

आता नावाचा प्रश्न. या दीड तासाच्या गायनात मंझोनीचे नाव एकदाही येत नाही. त्याची कादंबरी, त्याचे शहर, त्याने इटालियन गद्यभाषेला दिलेले वळण, यांपैकी कशाचाही उल्लेख संहितेत नाही. इतकेच नव्हे, तर ज्याने आयुष्यभर जिवंत इटालियन भाषेचा प्रश्न लावून धरला, त्याचे स्मरण लॅटिनमध्ये झाले. मंझोनीचे नाव फक्त शीर्षकात आणि तारखेत आहे, म्हणजे संहितेच्या उंबरठ्यावर आहे. आत मात्र सर्वनामांचेच राज्य आहे. आरंभी प्रार्थना 'त्यांना' विश्रांती मिळावी अशी आहे. अखेरच्या 'लिबेरा मे' या भागात ती 'मला' सोडव अशी होते. हे प्रथमपुरुषी पद एकटी सोप्रानो गायिका जवळजवळ एकाच स्वरावर पुटपुटल्यासारखे सुरू करते. 'त्यां'च्यासाठी सुरू झालेला शोक 'माझ्या'पाशी येऊन थांबतो.

या शेवटच्या भागाचा इतिहास नावाच्या प्रश्नाला आणखी पुष्टी देतो. तो मूळचा मंझोनीसाठी लिहिलेलाच नव्हता. १३ नोव्हेंबर १८६८ रोजी संगीतकार रोस्सिनी निवर्तल्यावर तेरा इटालियन संगीतकारांनी मिळून त्याच्या प्रथम पुण्यतिथीसाठी एक रचना करावी, अशी योजना व्हेर्दीने मांडली होती. त्यातील अखेरचा भाग त्याच्याकडे होता. रचना पूर्ण झाली, पण ठरलेला प्रयोग झाला नाही. तो थेट १९८८ मध्ये श्टुटगार्ट येथे झाला. एका संगीतकारासाठी लिहिलेला भाग काही फेरफार करून एका कादंबरीकाराच्या स्मरणात सामावला गेला. संहितेत नाव नसल्यामुळेच हे शक्य झाले.

३. नामदेवांची समाधी-प्रकरणे : नावांनी भरलेली संहिता

याच्या शेजारी मराठीतील एक संहिता ठेवली की भेद स्पष्ट होतो. ज्ञानेश्वरांनी शके १२१८, म्हणजे १२९६ मध्ये, कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदी येथे समाधी घेतली. नामदेवांच्या नावावर असलेल्या 'आदि', 'तीर्थावळी' आणि 'समाधी' या अभंगमालिकांपैकी तिसरीत या प्रसंगाचे वर्णन आहे. येथेही शोक करणारा कलावंत आहे आणि ज्याच्यासाठी शोक करायचा तोही शब्दसृष्टीचाच धनी आहे. व्हेर्दी-मंझोनी आणि नामदेव-ज्ञानदेव या जोड्यांत हे साम्य आहे. मात्र संहितेची घडण अगदी उलट आहे.

समाधीच्या अभंगांत नावांची दाटी आहे. ज्ञानदेव, निवृत्ती, सोपान, मुक्ताई, स्वतः पांडुरंग, रुक्मिणी, जमलेले संत, इंद्रायणी, आळंदी ही सर्व नावे या मालिकेत वावरतात. निवृत्तीनाथ ज्ञानदेवांचे गुरू आणि थोरले बंधूही. गुरू म्हणून त्यांनी या प्रसंगी अविचल राहायला हवे. परंतु बंधू म्हणून त्यांचा धीर सुटतो. ज्ञानाने ज्याला मृत्यू नाही असे सांगितले, त्याच्याच जाण्याने ज्ञान देणारा गुरू कोसळतो, या विरोधात या मालिकेचे सारे कारुण्य आहे. शिवाय अभंगाच्या अखेरीस कवीची नाममुद्रा येते. म्हणजे दिवंगताचे नाव आणि शोक करणाऱ्याचे नाव, दोन्ही संहितेत आणि बहुधा एकमेकांच्या जवळच असतात. व्हेर्दीच्या संहितेत या दोहोंपैकी एकही नाही.

दरवर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधी सोहळ्याचे कीर्तन होते. ते नामदेवांच्या घराण्यातील वंशजांकडे परंपरेने चालत आले आहे. या कीर्तनाची प्रयोगरचना पाश्चात्त्य मैफलीशी ताडून पाहण्याजोगी आहे. मध्यभागी कीर्तनकार, त्याच्या मागे टाळकरी, बाजूला मृदंगी आणि विणेकरी. कीर्तनकार अभंगाचे चरण घेतो, टाळकरी ते उचलतात, वाढवतात, पुन्हा कीर्तनकाराच्या हाती देतात. समूहगायन येथेही आहे, परंतु ते स्वरांच्या अनेक समांतर रेषांचे नाही. सर्वजण एकच चाल गातात आणि आवाजांच्या संख्येने ती रुंद होते. समाधीचा क्षण येतो तेव्हा पुष्पवृष्टी व घंटानाद होतो आणि श्रोत्यांचे डोळे पाणावतात. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीची घटना त्या क्षणी वर्तमानात घडत असते.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. पाश्चात्त्य मैफलीत श्रोत्याच्या हातात कार्यक्रमपत्रिका असते. तिच्यात एका बाजूला लॅटिन शब्द व दुसऱ्या बाजूला त्यांचे भाषांतर, शिवाय रचनेची माहिती दिलेली असते. अर्थ सांगण्याचे काम प्रयोगाच्या बाहेर, कागदावर होते आणि प्रयोग अखंड राहतो. कीर्तनात हे काम प्रयोगाच्या पोटातच होते. कीर्तनकार चरण थांबवतो, निरूपण करतो, दृष्टान्त देतो आणि मग टाळकरी पुन्हा चरण उचलतात. एका परंपरेने भाष्याला संहितेबाहेर ठेवले, तर दुसरीने त्याला प्रयोगाचे अंग मानले.

४. तीन चरण आणि चौथा

संहितांच्या छंदाकडे पाहिले तर एक वेगळेच साम्य हाती लागते. 'डिएस इरे' हे पद तेराव्या शतकातील मानले जाते आणि त्याचे कर्तृत्व परंपरेने चेलानो येथील तोमासो या फ्रान्सिस्कन साधूकडे दिले जाते. त्याचे बहुतेक कडवे तीन ओळींचे, प्रत्येक ओळ आठ अक्षरांची आणि तिन्ही ओळींना एकच यमक. त्याच शतकाच्या अखेरीस, १२९० मध्ये, 'ज्ञानेश्वरी' सिद्ध झाली. तिच्या ओवीचेही पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आहेत आणि चौथा आखूड, यमकातून मोकळा आहे. नामदेवांच्या मोठ्या अभंगात सहा अक्षरांचे तीन चरण आणि चार अक्षरांचा चौथा अशी रचना असून दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक जुळते.

या साम्यामागे प्रभावाचा काही संबंध नाही, हे सांगणे नलगे. हे केवळ रचनाप्रकाराचे साम्य आहे. पण त्यातूनच भेद कळतो. लॅटिन कडव्यात तिसऱ्या यमकानंतर दार बंद होते. तीन आघात आणि शेवट. न्यायाच्या दिवसाची अटळता त्या बंदिस्त आकारात आहे. ओवी-अभंगात तिसऱ्या चरणानंतर आखूड चौथा येतो आणि तेथे ताण सैल पडतो. गाणाऱ्याला श्वास घ्यायला, टाळकऱ्यांना चरण उचलायला ही जागा मिळते. लोकांच्या तोंडी बसणाऱ्या समूहगायनाला या चौथ्या चरणाचा किती उपयोग झाला असेल, हा मराठी छंदाच्या अभ्यासकांनी विचारात घेण्यासारखा मुद्दा आहे. व्हेर्दीच्या प्रयोगात मूळ कडव्याचा आकार श्रोत्याला फारसा जाणवत नाही, कारण संगीतकार शब्दांची अनेकवार आवर्तने करतो आणि छंद मोडून स्वतःचा आकार उभा करतो. इतकेच नव्हे, तर 'डिएस इरे'चा आरंभ तो अखेरच्या भागातही परत आणतो. कीर्तनात निरूपण अभंगाला तोडते, पण चरण तोडत नाही. पुन्हा गाताना तो जसाच्या तसा परत येतो.

५. भाषेचे वळण : ब्राम्स आणि ब्रिटन

पाश्चात्त्य परंपरा सर्वत्र लॅटिनमध्येच थांबली नाही. योहान्नेस ब्राम्सच्या 'जर्मन रेक्विएम'चे सहा भाग १० एप्रिल १८६८ रोजी ब्रेमेन येथे सादर झाले आणि सातही भागांचा प्रयोग १८६९ मध्ये लाइपझिग येथे झाला. त्याने रूढ लॅटिन विधी बाजूला ठेवून ल्यूथरच्या जर्मन बायबलमधून स्वतः वेचे निवडले. आरंभ मृतांच्या विश्रांतीच्या मागणीने होत नाही. शोक करणाऱ्यांना सांत्वन मिळेल या आश्वासनाने होतो. धर्मग्रंथ लोकभाषेत आणण्याच्या या कृतीचे मराठी वाचकाला वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

नावाच्या दृष्टीने ब्राम्सची निवड अधिकच टोकाची आहे. त्याने दिवंगताचे नाव तर घेतले नाहीच, निवडलेल्या वेच्यांत ख्रिस्ताचे नावही येऊ दिले नाही. ब्रेमेनच्या प्रयोगात ही उणीव चर्चच्या लोकांना जाणवली आणि हेंडेलच्या 'मसीहा'मधील एक गीत मध्ये घालण्यात आले. म्हणजे नाव काढून टाकले की समाज ते दुसऱ्या वाटेने परत आणतो.

बेंजामिन ब्रिटनचे 'वॉर रेक्विएम' ३० मे १९६२ रोजी कॉव्हेंट्री येथील नव्या कॅथेड्रलमध्ये सादर झाले. जुने कॅथेड्रल १९४० च्या बाँबवर्षावात उद्ध्वस्त झाले होते. ब्रिटनने लॅटिन संहितेच्या मध्ये विल्फ्रेड ओवेन या कवीच्या नऊ इंग्रजी कविता बसवल्या. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, पहिले महायुद्ध संपण्यास आठवडा उरला असताना, रणांगणावर मारला गेला होता. येथे विधीची सामूहिक भाषा आणि एका सैनिकाची खासगी भाषा परस्परांना छेदतात, कधी परस्परांवर आरोपही करतात. तौलनिक अभ्यासकाला ही रचना दोन संहितांच्या संवादाचा नमुना म्हणून उपयोगी आहे. ब्रिटनने ती चार मित्रांना अर्पण केली. त्यांची नावे अर्पणपत्रिकेत आहेत, गायनात नाहीत. नाव पुन्हा उंबरठ्यावरच राहिले.

भारतीय संहिता पाश्चात्त्य समूहगायनात बसवण्याचा प्रयत्नही येथे नोंदवला पाहिजे. वनराज भाटिया यांनी भगवद्गीतेतील जीर्ण वस्त्रांच्या दृष्टान्तावर 'वासांसि जीर्णानि' ही रचना मुंबईच्या परांजोती समूहगायकांसाठी केली. देह म्हणजे टाकलेले वस्त्र अशी ज्या संहितेची धारणा आहे, तिच्यात मृताच्या नावाला तत्त्वतःच स्थान उरत नाही.

६. छत्तीसगडातील तीन रूपे

हिंदुस्थानी संगीतातील पुण्यतिथी समारोहाची परंपरा मराठी भाषकांना परिचित आहे. सवाई गंधर्व १९५२ मध्ये निवर्तल्यावर १९५३ पासून पुण्यात सुरू झालेला महोत्सव हे तिचे ठळक उदाहरण. अशा समारोहात गायक जी बंदिश गातो तिचा दिवंगताशी शब्दार्थाने संबंध नसतो. बंदिश ऋतूची, विरहाची, भक्तीची असते. दिवंगत तेथे असतो तो गायकीत : शिष्याच्या स्वरलगावात, एखाद्या जागेच्या उच्चारात. नाव मंचावरील फलकावर असते आणि ओळख जाणकाराच्या कानात.

छत्तीसगडात याचे उदाहरण म्हणजे रायगड येथील चक्रधर समारोह. राजा चक्रधर सिंह (१९०५-१९४७) हे रायगड संस्थानचे अधिपती, तबला व पखवाजाचे जाणकार आणि कथकच्या रायगड घराण्याचे प्रवर्तक. परंपरेने त्यांचा जन्म गणेश चतुर्थीचा मानला जातो आणि १९८५ पासून हा समारोह त्या तिथीपासून सुरू होत आला आहे. पुण्यतिथीऐवजी जन्मतिथी धरल्याने शोकाची छटा मावळते आणि उत्सवाची पुढे येते. साहित्याच्या अभ्यासकासाठी येथील संहिता लक्षणीय आहे. चक्रधर सिंहांनी 'नर्तनसर्वस्व', 'तालतोयनिधी', 'रागरत्नमंजूषा' असे ग्रंथ रचवून घेतले व रचले. रायगड घराण्याच्या 'दलबादल', 'कडक बिजली' यांसारख्या परनांत बोल आहेत, पण कोशातला अर्थ नाही. मेघ आणि वीज यांचा भास नादातूनच होतो. कथक करणारी व्यक्ती हे बोल तोंडाने म्हणते, मग पायाने काढते. येथे स्मरणाची संहिता निरर्थक अक्षरांची आहे आणि तरीही ती दिवंगताचीच आहे, कारण ती त्याच्या दरबारात घडली.

दुसरे रूप खैरागडचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तेथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले. खैरागडचे राजे बीरेंद्र बहादूर सिंह व राणी पद्मावती देवी यांनी आपली दिवंगत कन्या इंदिरा हिच्या स्मरणार्थ राजवाडा त्यासाठी दिला. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी सुरुवातीच्या काळात तेथे कुलगुरुपद सांभाळले. या स्मारकाला गायची अशी कोणतीही संहिता नाही. एका मुलीचे नाव घेऊन शिकवल्या जाणाऱ्या सर्वच रागांचा रियाज हे तिचे स्मरण ठरते.

तिसरे रूप पंथीचे, आणि प्रस्तुत विवेचनात ते सर्वांत महत्त्वाचे आहे. गुरू घासीदास यांचा जन्म १८ डिसेंबर १७५६ चा मानला जातो. त्यांच्या जयंतीला छत्तीसगडातील सतनामी वस्त्यांत जैतखांब या पांढऱ्या स्तंभाभोवती पंथी गीते होतात. मुख्य गायक ओळ घेतो, भोवती फेर धरलेले साथीदार ती उचलतात, मांदर व झांज लय वाढवत नेतात आणि अखेरीस नृत्य कसरतींपर्यंत पोचते. देवदास बंजारे यांनी हा प्रकार छत्तीसगडाबाहेर नेला. म्होरक्या आणि झील यांचे हे नाते वारकरी कीर्तनाला जवळचे आहे. गुरूचे नाव, त्याचे चरित्र आणि सतनामाचा उपदेश येथे गायनाच्या केंद्रस्थानी असतो. नाव उंबरठ्यावर नाही. ते फेराच्या मध्यावर आहे.

७. रिक्त सर्वनाम आणि उघड नाव

वरील उदाहरणांवरून दोन पद्धती हाती येतात. पहिलीत संहिता अनामिक असते. 'त्यांना' आणि 'मला' ही रिक्त सर्वनामे असतात आणि प्रत्येक प्रयोगात त्यांत नवी नावे भरली जातात. ड्रेस्डेन शहर १३ फेब्रुवारी १९४५ रोजी बाँबवर्षावात जळाले. तेथील राजघराण्याच्या काळापासूनचा वाद्यवृंद १९५१ पासून त्या दिवशी स्मृतिमैफल करत आला आहे. पहिल्या वर्षी व्हेर्दीचीच रचना झाली. अशा मैफलीत टाळ्या वाजवत नाहीत. शेवटचा स्वर विरल्यावर सारे शांत राहतात. मंझोनीसाठीची संहिता अशा रीतीने एका शहराची झाली.

याहून तीव्र उदाहरण तेरेझीनचे. नाझींच्या या छावणीत राफाएल शेख्टर याने १९४३-४४ मध्ये ज्यू बंदिवानांकडून व्हेर्दीचे हेच 'रेक्विएम' बसवून घेतले. स्वरलिपीची प्रत एकच होती. गायकांनी सारे पाठ केले. गायक वारंवार पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांकडे पाठवले जात आणि समूह नव्याने उभारावा लागे. ख्रिस्ती विधीचे शब्द, इटालियन संगीत आणि गाणारे ज्यू. 'मला सोडव' ही ओळ तेथे केवळ परलोकाची राहिली नाही आणि न्यायाच्या दिवसाचा रोख समोर बसलेल्या सत्तेकडे वळला. संहितेत मंझोनीचे नाव असते, तर हे घडणे कठीण होते.

दुसऱ्या पद्धतीत नाव उघड असते. ज्ञानदेवाच्या जागी दुसरे नाव घालता येत नाही. तरीही आळंदीचा श्रोता रडतो तो केवळ ज्ञानदेवांसाठी नसतो. नामदेवांची संहिता त्याला रिक्त सर्वनाम देत नाही, ती त्याला भूमिका देते. धीर सुटलेल्या निवृत्तीच्या जागी तो स्वतःला पाहतो. धाकट्याला निरोप देणारा थोरला, ज्ञान असूनही न सावरणारा माणूस, हे नाते त्याचे स्वतःचे असते. पहिल्या पद्धतीत शोक नावाच्या अभावातून हस्तांतरित होतो. दुसरीत नात्याच्या नेमकेपणातून. यांपैकी एक सार्वत्रिक आणि दुसरी प्रादेशिक, अशी विभागणी करण्याचा मोह टाळला पाहिजे. दोन्ही सार्वत्रिक आहेत, मार्ग वेगळे आहेत.

पंथीच्या संदर्भात या भेदाला सामाजिक परिमाण मिळते. मंझोनीचे नाव त्याच्या मृत्यूपूर्वीच इटलीच्या साहित्यात आणि सार्वजनिक जीवनात कोरले गेले होते. ज्यांची नावे आधीच नोंदली गेली आहेत, त्यांच्या स्मरणाला अनामिकता परवडते. ज्या समाजाला शतकानुशतके नावाने हाक मारणेही नाकारले गेले, त्याने आपल्या गुरूचे नाव मांदरावर मोठ्याने घेणे ही शोकाची किंवा भक्तीचीच कृती नसते. ती अस्तित्वाची नोंद असते. स्मृतिसंगीताचे सौंदर्यशास्त्र मांडताना अनामिकतेला उच्च कलेचे लक्षण मानणारी दृष्टी येथे अपुरी पडते.

शेवटी भाषेचा प्रश्न उरतो आणि तो रायपूरमधील मराठी भाषकांना थेट भिडतो. मराठी घरात वाढूनही हिंदीत शिकलेल्या आणि हिंदीत लिहिणाऱ्या व्यक्तींची येथे मोठी परंपरा आहे. राजनांदगावला अखेरची वर्षे घालवलेले गजानन माधव मुक्तिबोध हे तिचे सर्वपरिचित नाव. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. अशा घरांतील पुढच्या पिढीला तेराव्या-चौदाव्या शतकातील मराठी अभंग कानाने ओळखीचा आणि अर्थाने अर्धवट कळणारा होत जातो. मंझोनीच्या मिलानमधील सामान्य श्रोत्याला लॅटिन जसे असावे, तसेच ते आहे. पाश्चात्त्य परंपरेने या अंतरावर कार्यक्रमपत्रिकेचा उपाय शोधला, ब्राम्सने भाषांतराचा, ब्रिटनने दुसऱ्या संहितेचा. कीर्तनाच्या परंपरेकडे निरूपणाचा उपाय आधीपासून आहे. अभंग मराठीत आणि निरूपण हिंदीत किंवा छत्तीसगडीत होऊ शकते; चरण तसाच राहील आणि नावही. सप्र्यांनी 'दासबोधा'च्या बाबतीत जे पानावर केले, ते प्रयोगात करणे याहून फार वेगळे नाही.

८. समारोप

स्मृतिसंगीताच्या प्रयोगात नावाचे स्थान हा तुलनेचा एक उपयोगी निकष ठरू शकतो, असे वरील विवेचनावरून म्हणता येईल. व्हेर्दी, ब्राम्स व ब्रिटन यांच्या रचनांत नाव शीर्षकात, अर्पणपत्रिकेत किंवा तारखेत राहते आणि संहिता सर्वनामांवर चालते. नामदेवांच्या अभंगांत ते संहितेच्या गाभ्यात असून कवीच्या नाममुद्रेशेजारी उभे राहते. हिंदुस्थानी समारोहात ते गायकीत मुरते, चक्रधर समारोहात बोलांच्या घडणीत, खैरागडला संस्थेच्या नावात. पंथीत ते सामूहिक उच्चाराचे केंद्र होते. हे निकष केवळ संगीताच्या वर्णनासाठी नाहीत. विलापिका, प्रशस्ती, समाधिलेख, चरित्रकाव्य या साहित्यप्रकारांनाही ते लावून पाहता येतील आणि प्रयोगापासून तोडून केवळ छापील पानावर वाचलेल्या शोककाव्याचे वाचन किती अपुरे असते, हेही त्यातून दिसेल. अशा अभ्यासाला महाराष्ट्राबाहेरच्या मराठी प्रदेशांची सामग्री विशेष उपकारक ठरेल, कारण तेथे मराठी संहिता शेजारच्या भाषांच्या नादात रोजच ऐकली जाते.